चहाच्या सुट्टीतला ओटीपी

सुरेखाच्या घरात फॉर्म कसलाही असो, मोबाइल नंबराच्या रकान्यात बद्रीनाथचाच नंबर पडायचा. गॅस, रेशन, मुलाची म्हणजे शिवराजची शाळा, पुढं त्याचं कॉलेज, इतकंच काय, सुरेखाचं स्वतःचं बँकेचं खातं, सगळीकडं नवऱ्याचा नंबर. यात कुणाची जबरदस्ती नव्हती. तिच्याकडं फोन होता, त्याला नंबरही होता. पण तो बोलायचा नंबर आणि नवऱ्याचा तो लिहायचा नंबर, अशी करमाडातल्या निम्म्या घरांसारखी त्यांच्याही घरात वाटणी होऊन गेली होती. मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यावर, चाळिशी कधीच ओलांडलेल्या सुरेखानं विद्यापीठात मराठीच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा तिथल्या फॉर्मवरही तिच्या हातानं तोच नंबर लिहिला. लिहिताना तिच्या मनात काहीएक आलं नाही.

ते पुढं सेमिनारच्या वेळी आडवं आलं. विषय तिनं आपला आपण निवडला होता, शेतांची नावं. गावात प्रत्येक वावराला नाव असतं आणि सातबाऱ्यावर मात्र नुसता गट नंबर. ही नावं कोण ठेवतं, बारसं कधी होतं, याचं तिला परकरी वयापासून कुतूहल. सर म्हणाले, विषय झकास आहे, यावर दोन जुने प्रबंधही आहेत, पण ते विद्यापीठाच्या वायफायवरच उघडतात. सुरेखाला वाटलं, त्यात काय, पासवर्ड टाकला की झालं.

ग्रंथालयात बसून तिनं फोन जोडायला घेतला. एक पान उघडलं, त्यानं नाव विचारलं, प्रवेश क्रमांक विचारला आणि सांगितलं की तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. सुरेखा बराच वेळ आपल्या मोबाइलकडं बघत बसली. ओटीपी गेला होता शेंद्र्याला, एका कंपनीच्या गेटावरच्या लॉकरमध्ये. बद्रीनाथ तिथं मशीनवर होता आणि आत जाताना सगळ्यांचे फोन काढून घेत. ते हातात पडायचे फक्त चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत. ओटीपीचं आयुष्य पाच मिनिटांचं, म्हणजे बद्रीनाथच्या हाती तो पडायचा तेव्हा शिळा झालेला असायचा.

मग तिनं युक्ती काढली. सकाळच्या चहाची वेळ साधून ती ग्रंथालयात तयार बसली, ओटीपी मागवला आणि नवऱ्याला फोन लावला. बद्रीनाथनं मेसेज उघडून वाचला.

"आगं, इथं तर लिवलंय की कुणालाच सांगू नका," तो म्हणाला.

"मी कुणी हाय व्हय?" सुरेखा म्हणाली.

त्यानं इकडंतिकडं बघून, आवाज दाबून सहा आकडे सांगितले आणि सुरेखाचा फोन विद्यापीठाला जोडला गेला. प्रबंध उघडला. कुणा अनोळखी बाईनं कधीकाळी गावोगाव हिंडून वावरांची नावं गोळा केली होती, ती पानामागून पान समोर यायला लागली आणि सुरेखा तहानभूक विसरली.

वायफायची खोड अशी की एका इमारतीतून दुसरीत गेलं की ते माणसाला ओळखायचं बंद करी आणि पुन्हा ओटीपी मागे. त्यामुळं सुरेखानं आपला सगळा अभ्यास नवऱ्याच्या चहाच्या सुट्टीला बांधला. रोज ती मागवणार, रोज तो सांगणार. या दोघांच्या फोनवर आजवर काय बोलणं झालं असेल तर येताना कोथिंबीर आणा, गॅस संपला, मामा वारले. एवढ्यात आटपायचं. फोन म्हणजे निरोप, गप्पा मारायला तो थोडाच असतो, असं दोघांनाही वाटायचं. आता मात्र आकडे सांगून झाले तरी सुट्टी उरायची.

एकदा बद्रीनाथनं सहज विचारलं, रोज एवढं काय वाचती? तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून विचारलं, काल कुठवर आलतं? तिनं एका गावातल्या रांडव पट्टीबद्दल सांगितलं, की एका विधवेनं एकटीनं कसली म्हणून ते नाव. तो म्हणाला, आपल्यात पण हाय की तसलं, आणि आपल्या आजोबांच्या वेळच्या चार वावरांची नावं सांगून मोकळा झाला. ती वावरं आता कंपन्यांच्या कुंपणात होती. आपली मशीन बहुतेक गिरजीच्या वावरात उभी असल, असंही त्यानं सांगितलं, आणि मग घंटा झाली. सुरेखाला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं एका घरात काढली आणि हा माणूस गिरजीचं वावर पोटात घेऊन हिंडत होता, याची तिला गंधवार्ता नव्हती.

सेमिनारची तारीख लागली तेव्हा घोडं अडलं. सेमिनार विभागाच्या हॉलमध्ये, दुपारी, आणि प्रत्येकानं आपलाच फोन नाहीतर लॅपटॉप वायफायवरून तिथल्या मोठ्या पडद्याला जोडून दाखवायचं, असा सरांचा दंडक. हॉल म्हणजे दुसरी इमारत, म्हणजे नवा ओटीपी. आणि त्या वेळी बद्रीनाथ मशीनवर, फोन लॉकरमध्ये. सेमिनार हुकला की सत्र गेलं. आता नंबर बदलून स्वतःचा घालणं एवढाच मार्ग उरला.

हेल्प डेस्कवर खुशनुमा नावाची मुलगी बसायची. शहागंजात तिच्या वडिलांचं घड्याळांचं दुकान, आणि ती स्वतः इथंच शिकून नोकरीला लागलेली. तिनं सुरेखाला खुर्ची दिली आणि समजावलं की नंबर बदलणं सोपं आहे, फक्त एक शेवटचा ओटीपी जुन्या नंबरवर जाईल, तो इथं टाकायचा. सुरेखानं चहाची वेळ गाठली, फोन लावला, बद्रीनाथनं आकडे सांगितले. पान लाल झालं. ओटीपी चुकीचा.

टाकताना आपलंच बोट घसरलं असेल, असं सुरेखाला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं एकेक आकडा त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला, खुशनुमानं स्वतःच्या हातानं टाकला. पुन्हा लाल.

"काकू, तिसऱ्यांदा चुकला तर अकाउंटच लॉक होतं," खुशनुमा म्हणाली. "मग अर्ज करा, सही आणा, पंधरा दिन गये समझो."

सुरेखा बसनं घरी निघाली, पण डोक्यात भुंगा लागला होता. वायफायचा ओटीपी रोज बरोबर येतो आणि नंबर बदलायचा तेवढा चुकतो, हे कसं? फोन तोच, माणूस तोच, डोळे तेच. पहिल्यांदा तिला संगणकाचा संशय आला, मग विद्यापीठाचा, मग स्वतःच्या कानांचा. नवऱ्याचा संशय तिला सगळ्यात शेवटी आला, आणि तोही आपणहून नाही.

जाऊ मालनबाई अंगणात लसूण सोलत होती. सुरेखानं तिला सगळं सांगितलं. मालनबाईला ओटीपीतला ओ कळत नव्हता, पण माणसांतलं सगळं कळतं असा तिचा दावा होता. ती म्हणाली, "नवऱ्याच्या मनात नसल ते. बाई लई पुढं गेली की बाप्यांना नाय सोसत."

सुरेखानं ते हसण्यावारी नेलं, पण मनातून ते जाईना. बद्रीनाथची मशीन केसाएवढी चूक चालू देत नाही. दिवसभर हा माणूस बारीक आकड्यांवर नजर ठेवून असतो, चूक झाली तर अख्खा माल फेकावा लागतो, आणि त्याचा माल कधी फेकला गेल्याचं ऐकिवात नाही. असा माणूस सहा आकडे लागोपाठ दोन दिवस चुकीचे वाचेल? कुठंतरी पाणी मुरत होतं. तो जेवायला बसला तेव्हा ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो नेहमीसारखाच होता, फक्त तिच्याकडं बघत नव्हता. तिला वाईट वाटलं आणि रागही आला. नको म्हणायचं तर सरळ नको म्हणावं. एम.ए.ची फी भरताना हसत भरली आणि आता हे असं पाठीमागून. घरात विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण मालनबाई ओसरीत कान टवकारून बसलेली. सुरेखानं ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुशनुमासमोर जाऊन बसली. खुशनुमा म्हणाली, काकू, आज राहू द्या, फोन घेऊन काकांनाच एखाद्या रविवारी इकडं आणा. पण ऑफिस रविवारी बंद, आणि सेमिनार सोमवारी. सुरेखा म्हणाली, पाठव तू ओटीपी.

तिनं फोन लावला. बद्रीनाथनं उचलला आणि लगेच आकडे सांगायला सुरुवात केली.

"थांबा," सुरेखा म्हणाली. "आदी मला एक सांगा. म्या शिकू नये, असं तुमच्या मनात हाय का?"

"नाय," तो म्हणाला. "असं कोण म्हनलं?"

"मंग दोनदा खोटा आकडा का सांगितला?"

पलीकडून कपबशांचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. सुरेखाला वाटलं, आता हा नाकारणार, चष्म्याचं कारण सांगणार. तिनं त्यालाही उत्तर तयार ठेवलं होतं.

"तुझा नंबर झाला," बद्रीनाथ म्हणाला, "की तू मला कशाला फोन करशील?"

सुरेखाला पहिल्यांदा ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ऐन बोलायच्या वेळी तिच्या हातून रागच निसटून गेला. मग तो पुन्हा आला. एवढ्यासाठी तिचं सत्र पणाला लावलं होतं या माणसानं. समोर खुशनुमा मान खाली घालून कीबोर्ड पुसत होती.

"फोन करायला ओटीपी लागतो व्हय?" सुरेखा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "इतकी वर्षं रोज चहाची सुट्टी व्हती ना तुम्हाला? एक दिवस लावला असता."

"काय बोलावं तेच कळत नव्हतं," तो म्हणाला. "ओटीपी आला की निदान सुरुवात तरी व्हायची."

खुशनुमानं हलकेच पडद्याकडं बोट दाखवलं. पाच मिनिटांतली बरीचशी संपली होती.

"सांगा," सुरेखा म्हणाली आणि तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

त्यानं सांगितले. सावकाश, एकेक, मशीनवर माप घेतल्यासारखे. सुरेखानं स्वतःच टाकले. बोट शेवटच्या आकड्यावर क्षणभर अडलं, मग दाबलं. पान हिरवं झालं, आणि त्याच घडीला टेबलावर ठेवलेल्या तिच्या फोनवर, बोलता बोलताच, विद्यापीठाचा मेसेज आला की हा नंबर आता तुमच्या नावावर नोंदला आहे. खुशनुमानं हसून मान डोलावली.

"झालं," सुरेखानं फोनवर सांगितलं.

"बरं," बद्रीनाथ म्हणाला.

काम संपलं होतं. आकडे नव्हते, निरोप नव्हता, कुणी वारलं नव्हतं, कोथिंबीर आणायची नव्हती. फोन ठेवायला दोघांनाही काही हरकत नव्हती. सुरेखा उठली, खुशनुमाला हात दाखवून बाहेर आली आणि व्हरांड्याच्या कठड्यावर टेकली. फोन तिनं पुन्हा कानाला लावला होता आणि पलीकडूनही तो कुणी ठेवला नव्हता.

"हायस का?" बद्रीनाथनं विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "बोला."