फोंडातला रेडा

पास्कोलच्या धाकट्या लेकीला, फिलूला, विलायतेत जुळी झाली आणि त्यांना सांभाळायला तिची आई आवेलिन विमानात बसून गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. आवेलिन पावसाळ्यापुरती म्हणून गेली होती. पाऊस सरला, नाताळचे तारे घराघरावर लटकले, तरी ती आली नव्हती. एका बाळाचा खोकला बरा झाला की दुसऱ्याचा सुरू होई, लेकीला टाकून कसं यायचं, असं ती रविवारच्या फोनवर सांगे. म्हणजे सांगत असावी. पास्कोलला फोनवरचं निम्मंअधिक कळत नसे. तो आपला ‘होय गे, होय गे’ करी. एकदा तिने विचारलं, शेजारची आना मारी वारली हे खरं का? तर हा म्हणाला, “होय गे, मजेत आहे, तुला सलाम सांगितलाय.”

सकाळी पदेर पावाची पाटी सायकलीला लावून भोंगा वाजवत यायचा. भोंगा ऐकून पास्कोल फाटकाशी जायचा, ही चाळीस वर्षांची रीत. आता पदेर येऊन गेलेला त्याला कळेच ना. पदेराला वाटलं, घरात बाईमाणूस नाही, म्हाताऱ्याला पाव नको असेल. तो थांबेनासा झाला. पास्कोलने त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कानांचं सांगावं लागलं असतं. तो चहात बिस्किटं बुडवून खाई आणि वाट बघे ती दुपारची.

कारण दुपारी तियात्र, म्हणजे गोव्याचं कोंकणी संगीत नाटक, असे. जेवण झालं की बेस गिटार पाठीला अडकवून तो मडगावची बस धरी. गेली तीस वर्षं तो तियात्राच्या बँडमध्ये बेस वाजवत होता. नट बदलले, दिरेक्तोर बदलले, पण स्टेजच्या पुढ्यातल्या खड्ड्यात, ट्रंपेट वाजवणाऱ्या लाझार कुलासोच्या डाव्या हाताची खुर्ची पास्कोलची, यात फरक पडला नव्हता. त्या खड्ड्याला बँडवाले फोंड म्हणत. मेलेल्याला पुरतात तोही फोंडच, त्यामुळे एकही दिवस थट्टेविना जात नसे. कोणी उशिरा आला की लाझार म्हणे, “या, या, तुमचा फोंड खणून तयार ठेवलाय.”

फोंडात बसणाऱ्याला नाटक दिसत नाही, पाय दिसतात. स्टेजची कड खांद्याला लागते आणि डोळ्यांसमोर नटांचे बूट, नट्यांच्या चपला. गाण्यांना, म्हणजे कांतारांना, लोक शिट्ट्या मारून वन्स मोर मागत. त्या गलक्यात गाणाऱ्याने फोंडाकडे बघून खुणा करायच्या तर लोकांकडे पाठ होणार. म्हणून रीत अशी होती की परत गायचं असेल तर गाणाऱ्याने टाच दोनदा फळीवर आपटायची. ठक ठक झालं की बँड पुन्हा सुरू. पास्कोलला ती टाच खांद्यातून कळे. कान मंदावले त्यालाही दोनेक वर्षं झाली असतील, पण फळी होती तोवर त्याचं अडलं नव्हतं.

त्या नाताळात आर्मांद दिरेक्तोरने नवा खेळ लावला आणि स्टेजच्या कडेपर्यंत जाड गालिचा अंथरला. खेळात बंगल्यातली आई मरते, आणि बंगल्यात गालिचा नको? शिवाय कडेला खाली ठेवलेल्या माइकांत बुटांचे आवाज शिरत, तेही बंद. झालं. टाच गालिच्यात बुडाली. पहिल्याच खेळाला गाणारी सुकोरिन बाय वन्स मोरला टाच आपटून थकली आणि पास्कोल आपला गिटार मांडीवर घेऊन बसून. लाझारने कोपर मारलं तेव्हा तो दचकून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी पास्कोलने एक युक्ती केली. गिटारचं डोकं, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात ते, त्याने स्टेजच्या लाकडी कडेला टेकवलं. बरोबर गालिच्याखाली. आणि काय सांगायचं! गाणारा कुठे उभा आहे, कोणत्या पायावर भार देतोय, ढोल कुठे पडतोय, सगळं लाकडातून गिटारच्या मानेत आणि मानेतून त्याच्या बरगड्यांत यायला लागलं. मध्येच असा एक सूर भरून आला की त्याच्या दातांपर्यंत गोड कंप पोहोचला. कित्येक दिवसांत त्याने इतका आवाज ऐकला नव्हता. आज बेस लागलाय, त्याला वाटलं. वर गॅलरीतली माणसं उभी राहून हातवारे करत होती. पास्कोल त्यांच्याकडे बघून हसला.

पडदा पडल्यावर लाझार ट्रंपेटमधली थुंकी झटकत म्हणाला, “इर्मांव, भावा, तुझ्या स्पीकरच्या डब्यात काय शिरलंय आज?”

“का? काय झालं?”

“काय झालं? रेडा हंबरत होता! गॅलरीवाले ओरडत होते, फोंडात रेडा बांधलाय काय रे? आई तिकडे शेवटचा श्वास घेतेय आणि लोक फिदीफिदी हसतायत.”

पास्कोलच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या सुराने त्याच्या अंगावर काटा आला होता, तोच तो रेडा.

पुढच्या खेळालाही रेडा हंबरला. मग आर्मांदने सगळ्यांना दुपारी लवकर बोलावलं. आर्मांद वयाने पास्कोलच्या लेकीएवढा, तियात्र स्वतः लिहायचा, स्वतःच बसवायचा. तो कडेवर उकिडवा बसून वाकून बोलला, मोठ्याने बोलला, म्हणून पास्कोलला सगळं कळलं.

“तितीव, तू मला काकाच्या ठिकाणी. पण आज रेडा ओरडला तर उद्यापासून बेस कीबोर्डवर. तो पोरगा डाव्या हाताने काढतो बेस. राग मानू नकोस.”

“राग कसला,” पास्कोल म्हणाला. उद्यापासून दुपारची बस धरायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. मग दुपारी घरात करायचं काय?

साउंडवाला एल्टन फोंडात उतरला. मागच्या बाजूला आवाज घुमतो म्हणून त्याने पास्कोलचा स्पीकर भिंतीपासून पुढे ओढला. “वाजव, तितीव.” पास्कोलने वाजवलं. मग स्पीकर जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला. “आता?” मग वायर बदलली. मग जाड आवाजाचं बटण मागे फिरवलं. प्रत्येक वेळी एल्टन विचारी, “आता कसं वाटतंय?” आणि पास्कोल मान तिरकी करून ऐकल्यासारखं करी.

त्याला काही ऐकू येत नव्हतं. बरगड्यांत गोड कंप येत होता तेवढाच. पण लाझारचं तोंड समोर होतं. कर्कश काही कानावर आलं की लाझारचा उजवा डोळा बारीक होई, ही त्याची जुनी खोड. पास्कोलने त्या डोळ्यावर नजर लावली. डोळा बारीक झाला की म्हणायचं, “अजून आहे रे.” डोळा उघडला की, “हं, कमी झाला.”

“तितीवचा कान बघा!” एल्टन आर्मांदला म्हणाला. “माझ्याआधी पकडतोय.”

लाझारला खोकला आला. बराच वेळ आला.

वायर, स्पीकर, बटणं, सगळं झालं, तरी डोळा बारीक तो बारीकच. शेवटी एल्टन वैतागून म्हणाला, “उभा राहा बघू, गिटारची पिन बघतो.” पास्कोल उठला, गिटारचं डोकं लाकडापासून सुटलं. बरगड्या एकदम रिकाम्या झाल्या. आणि लाझारचा डोळा उघडला. पास्कोल बसला, डोकं टेकवलं. डोळा बारीक. पुन्हा सोडवलं. उघडा.

त्याला कळलं. स्टेजचं लाकूड गिटारला हलवत होतं, गिटार स्पीकरला, आणि स्पीकर पुन्हा लाकडाला. असं गोल गोल फिरून रेडा तयार होत होता. बाकीच्यांना सुख हवं तर त्याला काही मिळणार नव्हतं, आणि त्याला मिळालं की आई मरताना लोक हसणार. मधलं काही नव्हतं.

“पिनच सैल होती,” तो एल्टनला म्हणाला. “बोटाने दाबली, बसली.”

“एवढ्यासाठी दोन तास!” आर्मांद म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

त्या दिवशी पास्कोलने गिटार छातीशी उभी धरली, बाळाला खांद्यावर घ्यावं तशी, आणि लाकडाला लागू दिली नाही. पडदा वर गेला. थेटर भरलेलं, माणसांना माणसं खेटलेली, आणि त्याच्यापुरतं सगळं बंद. पाण्यात बुडी मारल्यावर जसं दूर कुठे काही होतंय असं वाटतं, तसं. बोटांना गाणी पाठ होती, ती चालत होती. तो पाय बघत होता. सुकोरिन बायची लाल चप्पल वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली: वन्स मोर. तेवढं जमलं. ढोलवाल्याचा गुडघा दिसत होता, त्यावर ताल धरला. घामाने सदरा पाठीला चिकटला.

मग आई मरायचा प्रवेश आला. मुलगा गुडघ्यांवर बसून गातो. गुडघे टेकले की पाय दिसत नाहीत, नुसती पँटीची घडी. ढोल त्या गाण्याला नाही. पास्कोलने डोळे मिटून बोटांवर भरवसा टाकला आणि वाजवत राहिला. हळू, एकेक सूर. काही वेळाने डोळे उघडले तर लाझारचा ट्रंपेट मांडीवर आडवा. सॅक्सवाल्याचे हात खाली. त्याने गपकन तारांवर पंजा ठेवला. मान वळवून मागे बघायची छाती झाली नाही. आता हसतील, त्याला वाटलं.

खेळ संपल्यावर आर्मांद उडी मारून फोंडात उतरला आणि त्याने पास्कोलला मिठीच मारली. “तितीव! ते शेवटचे सूर! सगळे थांबले आणि तू एकटाच... बायका रडत होत्या, बघितलंस? उद्यापासून रोज ते पाहिजे. अगदी तस्संच.”

“बरं,” पास्कोल म्हणाला.

थेटरच्या मागच्या पायऱ्यांवर लाझारने पावात चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं तिखट सॉसेज, भरून आणलं होतं. अजून ऊन होतं. दोघे शेजारी शेजारी बसून खात होते. पास्कोलने निम्मा पाव हातातच धरला होता.

“लाझार, काय वाजवलं मी?”

“म्हणजे?”

“शेवटी. आर्मांदला उद्या तेच हवंय. मी गाणंच वाजवत होतो रे. तुम्ही कधी थांबलात मला कळलं नाही.”

लाझारने शांतपणे घास गिळला. मग पास्कोलच्या तोंडासमोर तोंड आणून, ओठ नीट हलवत म्हणाला, “आर्मांद आणि एल्टन सोडले तर शेंगदाणे विकणाऱ्यालाही माहीत आहे तुझे कान गेलेत ते.”

“तुला कधी कळलं?”

“सांजांवच्या सणाला, पोरं विहिरीत उड्या मारत होती तेव्हा. भर पावसात मी तुझ्या मागे उभा राहून तुला शिव्या घालत होतो, चांगल्या निवडून निवडून, आणि तू विहिरीकडे बघत उभा. मला आधी वाटलं, हा सज्जन झाला.”

पास्कोल हसला नाही. “मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तुझ्या खुर्चीत कीबोर्डवाला पोरगा आला असता. तो काय करतो, ठाऊक आहे? गाण्यांच्या मध्ये कानात इअरफोनच्या दोऱ्या घालून बसतो. त्याला मी म्हटलं, पुता, तुझा फोंड खणून ठेवलाय. तर म्हणतो, अंकल, काय म्हणालात?” लाझारने बोटांवरचं तेल पँटीला पुसलं. “त्याचे कान चांगले आहेत, इर्मांव. मला काय त्याचा उपयोग?”

पास्कोलने हातातला निम्मा पाव खाऊन टाकला. मग लाझार म्हणाला, “खुर्ची अशी लाव की तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला लागेल. मी ढकलला की सुरू कर. दाबून धरला की थांब.”

“आणि आर्मांदचे ते सूर?”

“ते तुला कशाला कळायला हवेत? तिथे मी उशिरा दाबीन.”

तसंच झालं. रेडा पुन्हा हंबरला नाही. रोज आई मरे, रोज सगळे थांबत, आणि लाझार गुडघा न दाबता बसून राही. पास्कोल एकटा वाजवत राही, आपण एकटे वाजवतोय हे न कळता. कधी लाझार लवकर दाबी, कधी त्याला ऐकत बसावंसं वाटलं तर फार उशिरा. आर्मांद म्हणे, म्हातारा रोज थोडं वेगळं करतो, कलाकार आहे. ते सूर कसे होते, हे पास्कोलला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने एकदा लाझारला विचारलं. लाझार विचार करून म्हणाला, “बरे होते.”

आवेलिनला त्याने फोनवर यातलं काही सांगितलं नाही. कार्नवालपर्यंत खेळ चालले. मग उपासाचे चाळीस दिवस लागले आणि तियात्रं बंद झाली. बँडवाले आपापल्या गावी गेले. ईस्टरला आर्मांदने नवा खेळ लावला तेव्हा पास्कोलला बोलावणं आलं होतं, पण तो गेला नाही.

लाझार कुलासो त्या ईस्टरच्या आधीच, २००९ साली, पाम संडेच्या आदल्या शनिवारी सकाळी राय गावच्या आपल्या घरी वारला. पास्कोल २०१४ सालच्या सप्टेंबरात वारला.