तांबीचा दोरा

सकाळपासून बावीस बायका तपासल्या होत्या. मानेचं पार लाकूड झालं होतं. तेवढ्यात पाड्यावरची माघी आपल्या सुनेला, पुष्पाला घेऊन उपकेंद्रात शिरली.

“सिस्टर, हिची तांबी काढा. वर चढली ती. छातीत गेली.”

माझं डोकंच फिरलं. दिवाळीनंतर पुष्पा वीटभट्टीवर जायच्या आधी, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून ही तांबी मीच बसवली होती. चार बाळंतपणांत तिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. पाचव्यात ती जगेल याची खात्री जव्हारचे डॉक्टर देत नव्हते. आणि छातीचं म्हणाल तर सहा महिने डोक्यावर विटा वाहिल्यावर दुखणारच की!

तपासून पाहिलं, तांबीचा खाली लोंबणारा दोरा जागेवर होता. तक्ता काढून दाखवला. पिशवी कुठे असते, तिथून छातीकडे वाट कशी नाही, सगळं सांगितलं.

“ती कागदावरची बाई,” माघी म्हणाली. “आन् तुम्ही तं सांगालच.”

पालथ्या घड्यावर पाणी. भांडायचंही त्राण नव्हतं. मी साबण पुष्पाच्या हातात कोंबला. “हात धू. पडद्यामागं उकिडवी बस, बोट आत घाल आणि तूच बघ.”

ती गोरीमोरी झाली. “तिथं कधी हात नाय लावला, सिस्टर.”

“चार लेकरं तिथूनच आली ना?”

“ती आली. मी नाय गेले.”

तरी गेली पडद्यामागं. बराच वेळ बाहेर येईना. रडते की काय, असं वाटलं मला. मग आतूनच ओरडली, “हाय! दोरा हाय! वर नाकाच्या शेंड्यासारखं लागतं.”

“ते पिशवीचं तोंड.”

“त्याच्या पुढं बोट जात नाय.”

हात धुऊन ती सासूसमोर येऊन उभी राहिली. एरवी माघीपुढे मान वर न करणारी पोर ती. “तांबी जाग्यावर हाय. मी सोता हात लावला. काढायची नाय.”

माघी तिच्या ओल्या बोटांकडे बघत राहिली. “नको तं नको,” म्हणाली आणि बाहेर गेली.

मला हायसं वाटलं. जाता जाता पुष्पा माझ्या कानाशी वाकली. “सिस्टर, तुमचं बी तसंच लागतं?”

“हो,” मी म्हटलं.

खोटं बोलले. मलाही तांबी आहे, सात वर्षं झाली. तिचा दोरा मी कधी चाचपलेला नाही. तिथं हात लावायची मला लाज वाटते.