कालवांचा खडक

यादी पाच वाजता लागणार होती आणि मितेश दोनपासून फोन हातात धरून पडवीत बसला होता. दिघी बंदरात नऊ वर्षं ज्या ठेकेदाराकडे तो क्रेन चालवत होता, त्याचा ठेका संपला होता. नवा ठेकेदार चाळीस कामगारांतले बावीसच ठेवणार, एवढंच सगळ्यांना ठाऊक. गेले दोन महिने घरात कुणाच्या हातून पेला पडला तरी मितेश अंगावर जायचा. दहा वर्षांची लेक रुचिका त्याची चाहूल लागली की टीव्ही बंद करून शेजारी पळायची. बायको, प्राची, कामापुरतंच बोलायची.

साडेचारला त्याने आईला हाक मारली. ओ आली नाही.

"आय कुठे गेली?"

प्राचीने शिलाई मशीन थांबवलं नाही. "कालवं काढायला. आठवडा झाला जातायत. काशीदचा हॉटेलवाला घेतो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला काही सांगायची सोय राहिलीय?"

मितेशचं डोकं भणाणलं. नोकरी अजून गेली नाही, तोवरच आई टोपली घेऊन गावभर दिसली! पायांत चपला सरकवून तो तडक किनाऱ्याकडे निघाला.

कालवांचा खडक किनाऱ्यापासून जरा आत. मधे एक घळ, ओहोटीला कोरडी पडणारी. तो पोचला तेव्हा पाणी फिरलं होतं आणि घळीत मांडीपर्यंत चढलं होतं. पलीकडे त्याची आई, मनुबाई, पाठमोरी बसून खडकाला चिकटलेल्या कालवांचे शिंपले कोयत्याच्या टोकाने फोडत होती. वाऱ्यात त्याची हाक पोचेना. फोन वर धरून तो पाण्यात शिरला आणि पलीकडे खडकावर चढला.

"आये, ऊठ! भरती लागली!"

"दिसतंय मला. एवढी कपार झाली की निघते."

"माझा पगार बंद झाला न्हाय अजून! लोकं काय म्हणतील?"

मनुबाईने कोयता खाली ठेवला. "तुझा बा गेला तवा तू चौथीत व्हतास. तवा मी कुनाच्या यादीची वाट बघत बसले व्हते? ह्याच खडकावर आले. उद्या काय गावंल ते कदी ठाव नसायचं."

"तुला भ्या नाही वाटलं?"

"वाटायचं की. रोज वाटायचं." तिने टोपली उचलली. "पन घरी येऊन ते तुमच्यावर नाय काढलं."

तेवढ्यात एक लाट खडकावर आपटली आणि दोघांचे पाय भिजले. त्याने वळून पाहिलं. घळीतलं पाणी कमरेच्या वर गेलं होतं आणि आत जोराची ओढ दिसत होती. मघाशी आलेली वाट कुठली, तेच त्याला उमगेना.

तो तरीही पुढे झाला. दुसऱ्याच पावलाला चप्पल निसटली, तळव्यात कालवाची धार घुसली आणि तो आडवा झाला. तोंडात खारं पाणी गेलं. फोन हातातून सुटला. पाण्याने त्याला आत खेचलं, तशी कुणीतरी मनगट करकचून धरलं.

"उभा ऱ्हा! तिकडं खोल हाय. डाव्या अंगाला दगड हाय, त्याच्यावर ये. माझ्या मागं मागं."

पासष्ट वर्षांची बाई छातीभर पाण्यात पायाने दगड चाचपत पुढे चालली होती. डोक्यावरची टोपली एका हाताने सावरलेली, दुसऱ्या हातात लेकाचं मनगट. ती थांबली की तो थांबायचा. ती म्हणाली "आता" की तो पाऊल टाकायचा. किनाऱ्याची वाळू पायाला लागली तसा मितेश खाली बसला. मनुबाईने पदराची पट्टी फाडून त्याचा तळवा आवळला. पट्टी बघता बघता लाल झाली.

घरी पोचताच प्राचीने एक नजर टाकली आणि स्कूटर काढली. आरोग्य केंद्राच्या वाटेवर तिचा फोन वाजला. मागे बसलेल्या मितेशने तिच्या पिशवीतून काढून कानाला लावला. बरोबर काम करणारा दादू होता.

"तुझा फोन का लागत नाही रे? यादी लागली." दादू म्हणाला. "तुझं नाव नाही. माझंही नाही."

मितेशने फोन पिशवीत ठेवला. पुढचं वळण गेलं, उतार गेला. प्राचीचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"नाव नाही आलं," तो म्हणाला.

स्कूटरचा वेग कमी झाला. प्राचीचे खांदे क्षणभर ताठरले.

"मग आता?"

"माहीत नाही." आवाज न चढवता त्याला हे म्हणता आलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "भीती वाटतेय मला. दोन महिने वाटतेय."

"मला काय वाटत नव्हती?" तिचा आवाज ओला झाला होता. "एकटीच घाबरत बसले होते."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

"आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ," ती म्हणाली. "मग घरी गेल्यावर रुचिकालाही जवळ बसव. तिला वाटतंय, तिचंच काहीतरी चुकलंय."