अनवाणी ड्रमवाला

नजीराचा आवाज गुंडूनं पहिल्यांदा ऐकला, तो चाळीस मागांच्या खडखडाटातून वर आलेला. इचलकरंजीच्या त्या शेडमध्ये शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. आणि कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसलेली ही पोरगी अशी गात होती, की दारातला वॉचमनही मान डोलवत होता.

माग माझा चाले बाई, धोटा धावे येरझारी,
सूत तुटं, जीव न तुटं, गाठ मारी, पुन्हा मारी.

गुंडू तिथला जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. त्यानं हातातल्या पान्यानं लोखंडावर ताल धरला. नजीराचा भाऊ शमशुद्दीन रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं जुन्या रेडिओच्या पोटातून अॅम्प्लिफायर बनवला, मिरजेहून स्वतःला एक गिटार आणि गुंडूला ड्रम आणले, आणि बाहत्तर साली ‘नजीरा आणि पार्टी’ उभी राहिली. पार्टी म्हणजे ही तिघंच. शब्द जात्यावरचे, मागावरचे, आणि खाली विलायती ठेका. कुरुंदवाडच्या पहिल्याच कार्यक्रमात पोरं बैलगाड्यांवर चढून नाचली. एक म्हातारी मात्र पुढं आली आणि नजीराला म्हणाली, गळा तुझा गोड हाय, मग ह्यो बाबा मागं पत्रा का बडवतोय? गुंडूनं तिलाच वाकून नमस्कार केला, तेव्हा तीही हसली.

सहा वर्षांत त्यांनी जत्रा केल्या, उरूस केले, गणपती केले. कोल्हापुरातल्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राच्या मालकानं एकट्या नजीराला मागितलं. तिनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, “तिवई हाय ही, पावणं. एक पाय काढून न्हेलासा तर तुमच्याबी कामाची न्हाय, आमच्याबी न्हाय.”

गुंडू ते तिच्या ओठांवरून वाचत होता. सुखावला, आणि मनातून चरकलाही. कारण या तिवईचा एक पाय पोकळ झाला होता. मागांनी त्याचे कान खाल्ले होते. आधी चिमण्या गेल्या, मग घड्याळाची टिकटिक, मग माणसं. कुणाला पत्ता लागला नाही. ओठ वाचायची सवय शेडनंच लावलेली, आणि मोठ्यानं बोलणं तर मागवाल्यांच्या घरात जन्मतःच येतं. पण बहिऱ्या ड्रमवाल्याला कोण ठेवून घेईल? तोंड उघडलं तर पार्टी सुटेल, या भीतीनं तो गप्प राहिला.

आणि वाजवत राहिला. माग कुठं अडलाय हे जॉबर कानानं नाही, तळव्यानं ओळखतो. गुंडूनं तेच स्टेजवर नेलं. चपला काढून अनवाणी बसायचा. गिटारचा हादरा फळ्यांतून पायात चढायचा, नजीरानं टाच आपटली की तीही कळायची. लोक म्हणत, गुंडू स्टेजला देव मानतो. तो खाली मान घालून हसायचा.

एकोणऐंशीच्या माघात कोल्हापूरच्या एका तालमीनं बोलावलं. पाच वाजताचं उतरतं ऊन, समोर फेट्यांचा समुद्र. गुंडूनं चपला काढल्या, पाय टेकवला, आणि वाकून खाली बघितलं. खाली फळ्या नव्हत्याच. तालमीचा दगडी कट्टा होता, जुना, गारठलेला, मुका.

नजीराची पाठ समोर. ओठ दिसेनात. त्यानं डोक्यात एक माग चालू केला आणि त्याच्या गतीनं वाजवायला लागला. दोन कडवी निभावली. तिसऱ्याला नजीरा नेहमी एकदम थांबायची, सगळं थांबायचं, आणि गाठ मारायची ओळ लोक म्हणायचे. ती थांबली. गिटार थांबली. गुंडूच्या डोक्यातला माग मागं पडला होता, तो एकटाच वाजवत राहिला.

शमशुद्दीननं डोळे वटारले. नजीरा वळली. क्षणभर तिनं गुंडूकडं बघितलं, आणि लोकांकडं पाठ करून त्याच्याच ठेक्यावर उरलेलं गाणं त्याच्याकडं तोंड करून म्हटलं. लोकांना वाटलं हा नवा खेळ आहे. शिट्ट्या पडल्या. फेटे उडाले.

तालमीचे हंबीरराव नारळ देताना म्हणाले की सगळं थांबून नुसता ड्रम चालला तेव्हा अंगावर काटा आला, येत्या रविवारच्या कार्यक्रमातही असंच पाहिजे. शमशुद्दीननं हे कसं महिनाभर बसवलं ते त्यांना रंगवून सांगितलं. गुंडूला वाटलं, सुटलो.

एस. टी. स्टँडवर शमशुद्दीन गिटार भाचीसारखी खांद्यावर घेऊन चहा आणायला गेला. नजीरा बाकावर बसली होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. आज चूक आपलीच झाली, असं ती म्हणाली. गुंडूचा ठेका कधी चुकत नाही, म्हणजे आपणच भलत्या जागी थांबलो. वर्षभर मनात होतं ते ती बोलून मोकळी झाली. तिला आपला आवाज फाटल्यासारखा वाटत होता.

“शमशू भाऊ हाय, त्यो गोडच बोलणार,” ती म्हणाली. “तू पैल्यापासनं ऐकतोयस. खरं सांग, गुंडू. फाटला असंल तर मी आजपासनं गाणं सोडते.”

‘न्हाय’ एवढं एकच म्हटलं असतं तरी भागलं असतं. पार्टी राहिली असती, रविवार राहिला असता. गुंडूनं तिच्या ओठांकडं बघितलं, मग डोळ्यांकडं. त्यानं आवाज अगदी खाली आणला, निदान त्याला तसं वाटलं. पण पलीकडच्या फलाटावर पेरू विकणारी बाई वळून बघायला लागली, कंडक्टरचा तिकीट फाडणारा हात थांबला, आणि चहाचे तीन पेले घेऊन येणारा शमशुद्दीन वाटेतच उभा राहिला.

“मला ठावं न्हाय, नजीराबी. कान गेल्यात माझं. पायाला हादरा लागतोय, त्याच्यावर वाजवतोय. दोन वरसं झाली, तुमचं गाणं मी ऐकलेलंच न्हाय.”