डोंगरातून आणलेली बटणं

गोखिवऱ्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकच एसी होता आणि तो हर्षवर्धनच्या झाडांच्या खोलीत होता. त्याची आई आशालताबाई हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत बसायच्या. "झाडांना दमट हवा सोसत नाही गं," तो समजावून सांगायचा. आईला सोसते की नाही, हा प्रश्न त्याच्या झाडांच्या ग्रुपवर अजून कुणी विचारला नव्हता.

झाडं आपली म्हणायची म्हणून. जमिनीला चिकटून बसलेले, बोराएवढे, हिरवट करडे गोळे. नाव मात्र भारदस्त, कोनोफायटम. या खानदानाला इंग्रजीत आइस प्लांट म्हणतात. बर्फाशी त्यांचं काही नातं नाही. ते राहतात दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या डोंगरांत, खडकांच्या फटींत. उन्हाळाभर स्वतःची वाळलेली कातडी पांघरून मेल्यासारखे पडून राहतात आणि थंडीच्या तोंडावर जागे होऊन फुलतात. आशालताबाई त्यांना 'बटणं' म्हणायच्या. मुलगा चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, शर्टाचं बटण तुटलेलं, आणि कुंडीत मात्र पाच बटणं शाबूत, असा त्यांचा संसार चालला होता.

ही साधी बटणं नव्हती बरं. बियांपासून वाढवलेली रोपं हौशी लोकांकडे पुष्कळ असतात. हर्षवर्धनची 'अस्सल' होती, खडकाच्या फटीतून उपटून आणलेली. कोण उपटतं, कसं उपटतं, या खोलात तो कधी शिरला नाही. विकणाऱ्याने पार्सल पाठवलं, याने सोडवून घेतलं. पण दारात दूधवाला आला तरी त्याला ऐकवायचा, "नर्सरीतलं नाही हां हे. थेट डोंगरातलं!" आईकडून तर त्याने ते पाठच करून घेतलं होतं, पाहुण्यांना सांगताना चुकायला नको म्हणून.

वसईतल्या हौशी मंडळींचं एक मंडळ दर वर्षी अशा झाडांचं प्रदर्शन भरवायचं. मधल्या टेबलावर कुणाचं झाड बसणार, हे मंडळाचे अध्यक्ष मर्विन सर घरोघरी जाऊन ठरवायचे. येत्या रविवारी ते हर्षवर्धनकडे येणार होते. ज्याने सगळी नोकरी ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर काढली, मधल्या टेबलाचं मोल काय असतं ते त्यालाच ठाऊक. त्याची झोप उडाली होती.

त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच गिरीजहून यमुनामामी आली, आशालताबाईंची भावजय. हातात केळ्यांची फणी, तोंडाला उसंत नाही. जन्म केळीच्या वाडीत गेलेला, आणि झाडांबाबत तिचं शास्त्र एकच: मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं लागतं. तिच्या अंगणातला मोगरा, अबोली, निम्मी जास्वंद, सगळं असंच रीतसर चोरलेलं. शेजारणींनाही ते माहीत असायचं. त्या मुद्दाम पाठ फिरवायच्या आणि पुढच्या खेपेला मामीच्या अंगणातलं काहीतरी खुडून न्यायच्या. यात चोरी नसते, उलट मान असतो. ज्या अंगणातलं काही खुडावंसंच कुणाला वाटत नाही, त्या अंगणाची कीव करायची.

मामीने भाच्याला असा मान दिला. ती गेल्यावर हर्षवर्धन खोलीत शिरला तर कुंडीत चारच बटणं. पाचव्याच्या जागी छोटासा खड्डा.

"आई!" तो ओरडला.

"यमुनेने नेलं असेल," आशालताबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "लागेल बघ छान."

मामी फोन उचलेना. वाडीत शिंपणं चालू असताना फोन कोण जवळ बाळगतो? शनिवारी सुट्टी मिळाली तसा हर्षवर्धन स्कूटर काढून गिरीजला धडकला. मामी खुशीत त्याला पाटाच्या कडेला घेऊन गेली. तिथे केळीच्या बुंध्याशी, सगळ्यात ओल्या जागी, तिने बटण लावलं होतं. ते पाणी पिऊन पिऊन फुगलं, फुटलं आणि आता त्याचा नुसता चिकट लगदा उरला होता.

"दोन्ही वेळेला पानी घालते त्याला," मामी म्हणाली. "तुज्याकडे कोरडंठाक पडलं होतं बिचारं. धरेल जीव."

"मामी, चोर आहेस तू!"

मामी हसली. तिला वाटलं, भाचा कौतुक करतोय. मग तिने त्याचा चेहरा बघितला.

"ज्याचं आहे त्याला न विचारता उपटून न्यायचं, ही कुठली रीत?" हर्षवर्धनने लगद्याकडे बोट दाखवलं. "अशी चार रोपं जगात दिसायची नाहीत, कळतं का तुला?"

आजवर वाडीत मामीला असं कुणी बोललं नव्हतं. तिला फार लागलं. "चुकलं रे बाबा," एवढंच ती म्हणाली. तो पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

रविवारी उरलेल्या चारही बटणांनी लाज राखली. प्रत्येकाच्या डोक्यावर गुलाबी फूल उमललं. खड्ड्यावर हर्षवर्धनने खडे पसरून ठेवले होते. सकाळीच यमुनामामी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन आली होती, भाच्याचा राग घालवायला. तिला स्वयंपाकघरातून हलायचं नाही अशी ताकीद होती.

मर्विन सर आले. खिशातलं भिंग काढून ते बराच वेळ कुंडीवर वाकून राहिले.

"सुंदर," ते म्हणाले. "मधलं टेबल तुमचं, हर्षवर्धन. फक्त एक विचारायचं राहिलं. बियांपासूनचं आहे ना हे? उपटून आणलेलं आम्ही घेत नाही. तिकडे लोकांनी पोती भरभरून उपटलीत. काही डोंगरांवर आता एक रोप उरलेलं नाही."

हर्षवर्धनने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. "बियांपासूनचंच, सर. नर्सरीतलं."

नेमकी तेव्हाच मामी चहाचा ट्रे घेऊन दारात आली. भाच्याचं नुकसान आपण केलंय, तेव्हा भरपाईही आपणच करायची, हे तिने रात्रीच ठरवलं होतं. संधी तर समोर चालून आली होती.

"लाजतोस कशाला रे हर्षू?" ती म्हणाली. "सर, त्याचं ऐकू नका. नर्सरीतलं नाय ते. थेट डोंगरातून उपटून आनलंय! दूधवाल्याला पन म्हाईत आहे."

"अस्सल आहे," मागून आशालताबाईंनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

मर्विन सरांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं. "चहा राहू दे," ते मामीला हळूच म्हणाले आणि चपला घालून जिना उतरून गेले.

हर्षवर्धन मामीवर उलटला. "वाटोळं केलंस माझं! आधी चोरी, आता हे!"

या वेळी मामी 'चुकलं' म्हणाली नाही. तिने ट्रे खाली ठेवला.

"मी एक खुडलं तर तू माज्या दारात येऊन मला चोर म्हनून गेलास. बरं केलंस, तुजं होतं. पन त्या डोंगराकडून तुज्या दारात कोन यायचं रे?"

"आले होते की आत्ता," आशालताबाई म्हणाल्या आणि मर्विन सरांचा भरलेला कप उचलून आत गेल्या.