नळीच्या पोटातला बुडबुडा

मी लेव्हलची नळी बोलतेय. बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी, पंधरा मीटर लांब. गवंडीकाम करणारे मिस्त्री माझ्यात पाणी भरतात, दोघं जण दोन टोकं धरून उभे राहतात आणि दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की पेन्सिलीने खुणा करतात. त्या खुणा एका पातळीत असतात. एवढंच माझं काम. बाकीचा वेळ मी गवतात लोळत असते. ढग माझ्यातून सावकाश सरकतात आणि आपण नळी आहोत की ओढा, हेच मला कळेनासं होतं.

या उतारावरच्या सुट्टीच्या घरात मी आले, तेव्हा दरीकडच्या खिडकीपाशी जायला तीन पायऱ्या उतराव्या लागत. घराच्या मालकीणबाई, म्हणजे काकू, यांचे पाय गेल्यापासून त्यांना चाकांच्या खुर्चीसकट उचलून तिथं नेत. आदल्या वर्षी त्या आल्याच नाहीत. "मला सामानासारखं उचलू नका," म्हणाल्या. म्हणून त्यांच्या नवऱ्याने, काकांनी, हा घाट घातला. पायऱ्या काढायच्या, उतारावर खांब उभे करायचे आणि जुन्या जमिनीच्याच पातळीत नवी खोली दरीकडे न्यायची.

काकांना भारी हौस. माझं एक टोक त्यांनीच धरलं. दुसरं खांबापाशी मिस्त्रींच्या हातात. काकू अंगणात खुर्चीवर.

"आलं का पाणी?" मिस्त्रींनी विचारलं.

"जरा वर... थांबा. आलं!"

खूण झाली. चुकीची. भरताना हवेचा बुडबुडा माझ्या पोटात राहिला होता. नवी जमीन दोन बोटं खाली जाणार होती. उद्या काँक्रीट पडलं की तो उंबरा कायमचा, आणि काकूंना पुन्हा कुणाला तरी हाक मारावी लागणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंडं दोन असली तरी मला वाचा कुठंय?

"मिस्त्री, हिच्या पोटात काय चमकतंय?" काकूंनी विचारलं.

"अगं, त्यांना काम करू दे ना," काका वैतागले.

"काकू, तीस वर्षं हेच करतोय मी."

"करत असाल. पण मी सकाळपासून हिच्याकडेच बघत बसलेय. दुसरं करू काय?"

मिस्त्रींनी मला उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बुडबुडा निघाला, खूण पुसली गेली. या वेळी काकांनी टोक दोन्ही हातांनी धरलं.

आता मी पिवळी पडलेय. मिस्त्री मला इथंच विसरले. काकांनी बागेच्या नळाला जोडून टाकलं, तशी नव्या खिडकीखाली पडून असते. माझी तक्रार नाही. फक्त माझी एखादी बहीण तुमच्या हाती आली, तर विश्वास टाकण्याआधी तिचं पोट तेवढं उजेडात बघा.

आज सकाळी चाकांचा आवाज जुन्या खोलीतून नव्या खोलीत आला, मध्ये कुठंही न अडखळता. खिडकीच्या कठड्यावर काकूंची दहाही बोटं दिसली. म्हणजे चाकं त्यांनी सोडली होती, आणि तरी खुर्ची जागची हलली नाही. मला फार आनंद झाला.

"अगं, कुठं आहेस?" स्वयंपाकघरातून काकांची हाक आली.

काकू दरीकडे बघत राहिल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, त्या कुठं आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ओ दिलीच नाही.