मला टेकवू नका

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. वजन दोन किलो. सिन्नरच्या कारखान्यात घडलो तेव्हा वाटलं, एखाद्या मोठ्या यंत्रात मिरवेन. नशिबी आलं नाशिकच्या एका दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात लोंबकळणं! लहान मुलाच्या मांडीचं हाड मोडलं, की पायाला पट्टी, पट्टीला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि टोकाला मी. आता मोठ्या मुलांच्या हाडात सळई घालतात, म्हणून बरेच दिवस मी कपाटात धूळ खात असतो.

यंदा द्राक्षांच्या हंगामात पाच वर्षांची सायली आली. पिंपळगावला टेम्पोतून पडली होती. मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती. तशीच जुळली असती, तर पाय कायमचा आखूड राहिला असता.

दोन दिवस मी पाय ओढून धरला. तिसऱ्या दुपारी ती फार रडली. तिच्या आईला, रूपालीला, ते बघवेना. तिने मला हळूच उचलून स्टुलावर ठेवलं. सायली गप्प झाली आणि माझा जीव कासावीस झाला. ओरडणार कसा? मला तोंड कुठे आहे!

थोड्या वेळाने डॉक्टर आले. "वजन कुणी टेकवलं?"

"मीच. लय रडत व्हती पोर. म्हटलं, पायाला आराम पडंल."

"ताई, मांडीचे स्नायू हाडाला वर खेचतात. वजन टेकलं, की टोकं पुन्हा चढतात."

रूपाली झटकन पायापाशी आली. "मंग माझ्यामुळं पोर लंगडी व्हईल?"

"अजून वेळ गेलेली नाही." डॉक्टरांनी मला स्टुलावरून उचलून पुन्हा लटकवलं. "पण आता हे लटकतंच ठेवा."

त्या दिवसापासून ती माझी राखणदार झाली. भेटायला आलेल्या नणंदेचा पदर मला लागला, तर केवढ्यांदा ओरडली! सायली रडली, की तिचा हात धरून बसायची, स्वतःही रडायची; पण मला शिवली नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला. मोडलेल्या जागेभोवती कापसासारखं नवं हाड धरलं होतं. मी थक्क झालो. मी मोडलो तर भट्टी लागते, घण लागतो. इथे चुरमुरे खात पडल्या पडल्या त्या चिमुरडीने स्वतःचं हाड सांधलं होतं! मी फक्त लटकलो होतो.

पुढे प्लास्टर झालं, तेही निघालं. डॉक्टरांनी टेपने दोन्ही पाय मोजले. सारखे भरले.

"परत मोजा ना," रूपाली म्हणाली.

परत मोजले. सारखेच. तेव्हा कुठे ती खाली बसली.

मित्रांनो, कधी माझ्यासारखं लटकणारं वजन दिसलं, तर दया येऊन ते टेकवू नका. रडणाऱ्या लेकराचा हात धरा, आणि मला लटकू द्या.